मामांच्या हातातला कागद : हृदय थांबतं तेव्हा टीम कशी चालते

वॉर्डात कुणाचं तरी हृदय थांबतं. नातेवाइकांना बाहेर काढून पडदा ओढतात आणि आठ-दहा माणसं धावत आत जातात. बाहेर बाकड्यावर बसलेल्यांना दिसतात ते फक्त पडद्याखालचे पाय. मुंबईत महापालिकेच्या आणि खासगी हॉस्पिटलांत मिळून मी बावीस वर्षं सिस्टर म्हणून काम केलं, त्या पायांत कित्येकदा माझेही पाय होते. नंतर घरचे एकच विचारतात, "एवढे डॉक्टर होते, तरी?" बऱ्याच वेळा खरं उत्तर असं असतं की आजारच हाताबाहेर गेलेला होता. पण काही वेळा उत्तर दुसरं असतं, आणि ते या लेखात सांगायचं आहे.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली गोष्ट आहे. गणपती नुकतेच उठले होते. पंचेचाळिशीचा एक माणूस रात्री दम लागतो, हातापायांत जोर नाही म्हणून दाखल झाला. तासाभरात त्याचं हृदय थांबलं. मी धावले, दोन हाऊसमन (वॉर्डातले ज्युनिअर डॉक्टर) धावले, भूल विभागाची डॉक्टर दुसऱ्या मजल्यावरून आली, शेजारच्या वॉर्डची सिस्टर आली, इंटर्न आले. छाती दाबायला सुरुवात झाली. घशातून श्वासाची नळी जात नव्हती, त्यामुळे सगळ्यांचे डोळे तोंडाकडे होते. तेवढ्यात लॅबमधून मामा परत आले. (मुंबईच्या हॉस्पिटलात वॉर्डबॉयला मामाच म्हणतात आणि आयाबाईंना मावशी.) त्यांच्या हातात कागद होता. घोळक्याच्या बाहेर उभे राहून ते दोनदा म्हणाले, "सिस्टर, रिपोर्ट आलाय." मी सिरिंज भरत होते. कागद घेतला आणि न बघता खिशात ठेवला.

पाच-सहा मिनिटांनी रजिस्ट्रार (हाऊसमनच्या वरचे डॉक्टर) आले आणि पलंगाच्या पायथ्याशी थांबून त्यांनी विचारलं, "याला कसला आजार आहे? रिपोर्ट कुठे आहेत?" तेव्हा मला खिशातला कागद आठवला. पोटॅशियम 8.1. ते साधारण साडेतीन ते पाचच्या मध्ये हवं. आठाच्या पुढे हृदय बंद पडू शकतं, आणि त्यावर पहिला उपाय म्हणून शिरेतून कॅल्शियम देतात. चादरीखाली डाव्या हातावर डायलिसिसची शीर होती, ती कुणी पाहिली नव्हती. बाहेर बसलेल्या भावाला तर सगळंच ठाऊक होतं. गणपतीसाठी कोकणात गेले होते म्हणून डायलिसिसची एक पाळी चुकली होती. पण आम्ही त्याला बाहेर बसवलं होतं आणि त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

कॅल्शियम दिलं. रुग्ण वाचला नाही. पाच मिनिटं आधी दिलं असतं तर वाचला असता का, हे मला आजही सांगता येत नाही. एवढं मात्र कळलं की वाचवायला लागणारी माहिती त्या वीस फुटांत हजर होती. एक तुकडा मामांच्या हातात, एक चादरीखाली, एक बाकड्यावर. ज्याला निर्णय घ्यायचा होता त्याच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचलं नाही. आमच्यापैकी कुणी आळशी नव्हतं, अडाणी नव्हतं. हात सगळ्यांचे चालू होते.

ही पोचवापोचवी नीट होण्यासाठी लागणाऱ्या कौशल्यांना 'नॉन-टेक्निकल स्किल्स' म्हणतात. कुणी नेतृत्व करायचं, कामं कशी वाटायची, काय मोठ्यानं बोलायचं, चुकतंय असं वाटलं तर कसं सांगायचं, एकाच गोष्टीत अडकून न पडता चौफेर लक्ष कसं ठेवायचं, हे सगळं त्यात येतं. मला हे नाव फारसं पटत नाही. 'नॉन' म्हटलं की खरं काम वेगळं आणि हे वरचं गोडबोलेपण, असं वाटतं. प्रत्यक्षात याचा संबंध थेट रक्ताभिसरणाशी आहे.

तो कसा, ते बघा. हृदय थांबलं की छाती दाबून आपण बाहेरून रक्त ढकलतो. मोठ्या माणसाची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबायची असते. या दाबण्यानं हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत रक्त जाण्याइतका दाब तयार होतो, पण तो एका झटक्यात होत नाही. हळूहळू, दाबागणिक चढतो. आणि हात थांबले की लगेच कोसळतो. हापशीसारखं आहे. चार-पाच वेळा दांडा मारल्यावर पाणी येतं, दांडा सोडला की पाणी खाली जातं आणि पुन्हा पहिल्यापासून मारावं लागतं. म्हणून नाडी बघायला, शॉक द्यायला, माणूस बदलायला थांबायचं ते 10 सेकंदांच्या आत. आता विचार करा, "पुढे कोण दाबणार?" "तू ये." "नाही, तो येतोय," एवढ्या बोलण्यात किती सेकंद जातात. त्या सेकंदांत मेंदूला जाणारं रक्त थांबलेलं असतं. कामं आधी वाटलेली नसली की किंमत अशी मोजावी लागते.

छाती दाबणारा माणूस एक-दोन मिनिटांत थकतो, आणि गंमत नव्हे, काळजीची गोष्ट ही की थकल्याचं त्याला स्वतःला कळायच्या आधीच दाब उथळ व्हायला लागतो. "मी ठीक आहे, चालू ठेवतो," असं तो प्रामाणिकपणे म्हणतो. म्हणून दर 2 मिनिटांनी माणूस बदलायचा नियम आहे. पण 2 मिनिटं झाली हे सांगणार कोण? अशा वेळी वेळेचं भान कुणालाच राहत नाही. अर्धा मिनिट पाच मिनिटांसारखा वाटतो, किंवा उलट. घड्याळ बघून मोठ्यानं सांगणारा आणि लिहिणारा एक माणूस वेगळा लागतो. अ‍ॅड्रेनालिन हे औषध दर 3 ते 5 मिनिटांनी 1 मिलिग्रॅम द्यायचं असतं, त्याचा हिशोबही त्याच्याकडेच. लिहिणाऱ्याचं काम सोपं समजून ते नवख्या इंटर्नकडे देतात. मी ते अनुभवी सिस्टरकडे देण्याच्या बाजूची आहे.

आता नेत्याचं. त्यानं काय करावं यापेक्षा काय करू नये हे आधी सांगायला हवं. त्यानं हात लावू नये. ज्येष्ठ डॉक्टरांना हे फार जड जातं, कारण हातात कला असते आणि ज्युनिअरची सुई जात नसली की राहवत नाही. पण नळी घालायला वाकला की त्याला फक्त घसा दिसतो. मॉनिटर दिसत नाही, थकलेला माणूस दिसत नाही, मामा दिसत नाहीत. त्या रात्री रजिस्ट्रार मोठे हुशार होते म्हणून त्यांना तो प्रश्न सुचला असं नाही. ते पायथ्याशी उभे होते आणि त्यांचे हात मोकळे होते. आमच्यापैकी कुणीही तिथं उभं राहिलं असतं तर त्याला तो सुचला असता, असं मला वाटतं.

स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या डॉक्टरांनी हेच तपासून पाहिलं. वैद्यकीय विद्यार्थ्यांना पुतळ्यावर सराव दिला. त्यानंतर एका गटाला हात-खांदे कसे ठेवायचे याच्या सूचना दिल्या, दुसऱ्या गटाला फक्त नेतृत्वाच्या: काय करायचं ते ठरवा, कामं वाटा, स्पष्ट आज्ञा द्या. काही महिन्यांनी पुन्हा परीक्षा घेतली. पहिल्या गटाची हातांची ठेवण जास्त चांगली होती. पण छाती दाबायला लवकर सुरुवात केली ती दुसऱ्या गटानं, आणि एकूण जास्त वेळ दाबलं तेही त्यांनीच. हा अभ्यास 2010 साली छापून आला. बाहेरून छाती दाबायची आधुनिक पद्धत मात्र 1960 सालीच बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून जगापुढे आली होती. हात कुठे ठेवायचे हे कळल्यावर, एकमेकांशी बोलायचं कसं याकडे वळायला आपल्याला बराच काळ लागला.

बोलण्यातली आपली एक खास अडचण आहे. आपल्याकडे प्रत्येक नर्स 'सिस्टर' आणि प्रत्येक वॉर्डबॉय 'मामा'. एरवी हे आपुलकीचं आहे आणि मला ते आवडतं. पण पलंगाभोवती चार सिस्टर असताना "सिस्टर, अ‍ॅड्रेनालिन द्या" म्हटलं की ते कुणाला? एक तर चौघींना वाटतं दुसरीनं दिलं, नाहीतर दोघी देतात. दोन्ही मी पाहिलंय. महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात रात्री धावत येणारी माणसं निरनिराळ्या विभागांतली असतात, रेसिडेंट बदलत राहतात, नावं माहीत नसतात. यावर उपाय अगदी स्वस्तातला आहे. आम्ही सरावात मायक्रोपोरच्या चिकटपट्टीवर मार्करनं नाव आणि काम लिहून छातीवर लावतो: नेता, श्वास, छाती, औषध, लेखन, धावपळ. धावपळीची पट्टी बहुधा मामांच्या छातीवर असते, आणि ती लावल्यावर मामा घोळक्याबाहेर उभे राहत नाहीत, आत येतात. हा बदल पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला भरून आलं होतं.

आज्ञा दिली की तिचं उत्तर यायला हवं. लोकलनं जाणाऱ्यांना हे वेगळं शिकवायला नको. गार्डच्या केबिनशेजारच्या डब्यात उभं राहून कधी लक्ष दिलं असेल तर माहीत असेल, गार्ड दोन घंट्या देतो, 'निघा'. मोटरमन नुसता निघत नाही. तो दोन घंट्या परत देतो, म्हणजे 'निघायची खूण मिळाली'. मग गाडी हलते. दोघं गाडीच्या दोन टोकांना, एकमेकांना दिसतसुद्धा नाहीत, आणि मध्ये हजारो माणसं. घंटा परत आली नाही तर गार्डला कळतं की निरोप पोचलेला नाही. आमच्याकडे याला 'क्लोज्ड लूप' म्हणतात. नेता नाव घेऊन म्हणतो, "अ‍ॅड्रेनालिन एक मिलिग्रॅम द्या." ती म्हणते, "अ‍ॅड्रेनालिन एक मिलिग्रॅम देते." देऊन झाल्यावर, "अ‍ॅड्रेनालिन दिलं." लिहिणारा वेळेसकट टिपतो. नवीन मुलांना हे नाटकी वाटतं, पोपटपंची वाटते. मी त्यांना म्हणते, आज घरी जाताना घंट्या ऐका.

यातला तिसरा भाग, 'दिलं' म्हणून सांगणं, सगळ्यात जास्त राहून जातो. भाषेचाही गोंधळ असतो. डॉक्टर हिंदी-इंग्रजीत बोलणार, केरळची सिस्टर मल्याळममधून विचार करणार, मामा रत्नागिरीचे. म्हणून वाक्य जितकं लहान तितकं बरं, आणि आकडा तोडून सांगावा. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' गडबडीत सारखेच ऐकू येतात. 'वन-फाइव्ह' म्हटलं की शंका राहत नाही.

नळी जात नाही म्हणून सगळेच घशात अडकले होते, त्याविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण हा दोष हुशार आणि अनुभवी माणसांत जास्त दिसतो. इंग्लंडमध्ये 2005 साली एका तरुण आईला सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी भूल दिली. श्वासाचा मार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर एकामागून एक नळी घालायचा प्रयत्न करत राहिले. ऑक्सिजन धोक्याच्या खूप खाली गेला होता. अशा वेळी गळ्याला बाहेरून छेद देऊन श्वास सुरू करायचा असतो. एका नर्सनं त्यासाठीचं सामान खोलीत आणून ठेवलं आणि आणल्याचं सांगितलंही. दुसरीनं आयसीयूत खाट ठेवायला फोन केला. सांगितल्यावर डॉक्टरांच्या चेहऱ्यावर 'एवढं काय झालंय' असा भाव दिसला, म्हणून तिनं खाट रद्द केली. ती स्त्री काही दिवसांनी गेली. तिचे पती मार्टिन ब्रोमिली विमानाचे पायलट होते. त्यांनी कुणाला शिक्षा मागितली नाही. ते विचारत राहिले की सामान खोलीत होतं, नर्सना कळलं होतं, मग ते डॉक्टरांपर्यंत का गेलं नाही? 2007 साली त्यांनी क्लिनिकल ह्युमन फॅक्टर्स ग्रुप नावाची संस्था काढली आणि डॉक्टरांना या गोष्टी शिकवायच्या मागे लागले.

पायलटलाच हा प्रश्न पडावा याला कारण आहे. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. 583 माणसं गेली. केएलएम या डच कंपनीच्या विमानाच्या कॅप्टननं परवानगी मिळण्याआधीच वेग घेतला होता. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं होतं, समोरचं विमान अजून धावपट्टीवरून हटलं नाही का? कॅप्टननं ठामपणे सांगितलं, हटलंय. कॅप्टन कंपनीतले अत्यंत ज्येष्ठ, नव्या पायलटना शिकवणारे. इंजिनिअरनं पुन्हा विचारलं नाही. अशा अपघातांनंतर 1979 साली नासानं या विषयावर कार्यशाळा घेतली आणि 1981 साली युनायटेड एअरलाइन्सनं वैमानिकांना एकत्र काम करण्याचं रीतसर शिक्षण सुरू केलं. वैद्यकशास्त्रानं हे तिथूनच उचललं.

त्या इंजिनिअरला मी पूर्ण समजू शकते. मोठ्यांना उलट बोलू नये, हे आपल्याला घरात शिकवतात, शाळेत शिकवतात आणि नर्सिंग कॉलेजात तर पहिल्याच दिवशी. म्हणून नुसतं "बोला, घाबरू नका" म्हणून काही होत नाही. बोलायचं कसं याची पायरीपायरीनं सवय करावी लागते. पहिली पायरी विचारण्याची: "सर, पोटॅशियम बघितलंत का?" ऐकलं नाही तर दुसरी, काळजी सांगण्याची: "सर, मला काळजी वाटतेय, पोटॅशियम आठाच्या वर आहे." तरीही नाही तर तिसरी: "सर, ऐका. पोटॅशियम 8.1 आहे. कॅल्शियम आत्ता द्यायला हवं." तिन्ही वाक्यांत 'सर' आहे, अहो-जाहो आहे. आदराला कुठे धक्का लागत नाही. बदलतो तो स्पष्टपणा. आम्ही बहुतेक जणी पहिल्या पायरीवरच थांबतो, तेही हळू आवाजात, आणि नंतर मनात म्हणतो, 'मी सांगितलं होतं.'

ऐकणाऱ्यानंही वाट करून द्यावी लागते. चांगला नेता दर 2 मिनिटांनी, छाती दाबणं चालू असतानाच, मोठ्यानं उजळणी करतो: "सहा मिनिटं झाली. एक शॉक दिला. अ‍ॅड्रेनालिन एकदा झालं. नळी अजून नाही, मास्कनं छाती वर येतेय. कारण सापडलेलं नाही. ऑक्सिजन, रक्तस्राव, पोटॅशियम, फुप्फुसाबाहेर अडकलेली हवा, गुठळी, विष. कुणाला काय माहीत आहे?" या शेवटच्या चार शब्दांसाठी मी हा सगळा लेख लिहितेय. त्या रात्री कुणी एवढं विचारलं असतं तर मामा नक्की बोलले असते.

ही सगळी कौशल्यं मोजताही येतात. 'टीम' नावाची एक मोजपट्टी 2010 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात 11 मुद्दे आहेत, प्रत्येकाला 0 ते 4 गुण: नेत्यानं काय अपेक्षित आहे ते सांगितलं का, सगळं चित्र नजरेत ठेवलं का, टीम शांत राहिली का, परिस्थिती बदलली तशी बदलली का. सरावानंतर पाच मिनिटं बसून हे गुण द्यायला फार खर्च येत नाही. खऱ्या प्रसंगानंतरही बसायला हवं, पण आमच्याकडे पुढचा रुग्ण स्ट्रेचरवर वाट बघत असतो, खाटांच्या मधल्या जागेत गाद्या घातलेल्या असतात. तरी तीन वाक्यांपुरतं थांबता येतं: काय बरं झालं, काय अडलं, पुढच्या वेळी काय वेगळं करू. ते कधी सिंकजवळ हात धुताना होतं. पण त्यात मामा-मावशी असायला हव्यात. माझ्यासाठी ही अट आहे.

आणि आमची ड्युटी सुरू होतानाचा एक मिनिट. आज रात्री कुणाचं हृदय थांबलं तर नेता कोण, श्वास कोण बघणार, शॉकचं मशीन चार्ज आहे का, इमर्जन्सी ट्रॉलीची किल्ली कुणाकडे. हे ठरलेलं असलं की धावत येणाऱ्यांना फक्त आपल्या जागेवर उभं राहायचं असतं.

राहिले बाहेर बाकड्यावरचे. टीममध्ये तुम्हीही आहात, हे आम्ही तुम्हाला कधी सांगत नाही, ही आमची चूक आहे. पडदा ओढल्यावर कुणीतरी बाहेर येऊन घाईघाईनं विचारेल: कसला आजार, कुठल्या गोळ्या चालू, कशाची अ‍ॅलर्जी, आज काय वेगळं झालं? तेव्हा "वाचेल ना?" हे तोंडावर येतंच, मी समजू शकते. पण आधी उत्तरं द्या. आणि कुणी विचारायला आलं नाही, तर पडद्याजवळ जाऊन जी पहिली सिस्टर दिसेल तिला एका वाक्यात सांगा: "डायलिसिसचा पेशंट आहे, एक पाळी चुकलीय." ती म्हणेल, "डायलिसिस, एक पाळी चुकली." तिनं तसं परत म्हटलं नाही तर पुन्हा सांगा. फाइल, गोळ्यांच्या पट्ट्या आणि डायलिसिसचं कार्ड घरून निघतानाच एका पिशवीत घाला, आणि ती पिशवी गाडीत ठेवू नका, हातात ठेवा.